अनाहूत ई-मेल आणि कायद्याचा अंकुश

सकाळी कार्यालय उघडून संगणक सुरू केला की पहिली काही मिनिटे कशात जातात, याचा अनुभव आता मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांनाच आहे. जिल्हा परिषदेचे परिपत्रक, शिक्षण विभागाने मागविलेली माहिती, एखाद्या ग्रामस्थाचा अर्ज अशा कामाच्या पत्रांच्या मधोमध बिनव्याजी कर्ज देऊ करणारी, वजन घटविण्याचे औषध विकणारी, परदेशातील अज्ञात वारशाचे आमिष दाखविणारी पत्रे येऊन बसलेली असतात. ती कोणी मागविलेली नसतात. पाठविणारा ओळखीचा नसतो आणि पुष्कळदा त्याने लिहिलेले नावही खरे नसते. इंग्रजीत अशा पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. आपण त्यांना अनाहूत ई-मेल म्हणू.

हा प्रश्न केवळ त्रासाचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जाहिरातींच्या या गर्दीतच फसवणुकीचे पत्र लपून येते. ‘आपल्या शाळेचे खाते आज सायंकाळी बंद होणार आहे, त्वरित खालील ठिकाणी परवलीचा शब्द भरावा’ असे पत्र एखाद्या मुख्याध्यापकांना आले आणि घाईघाईत त्यांनी तसे केले, तर नुकसान एका व्यक्तीचे होत नाही. ते शाळेच्या निधीचे, पर्यायाने गावाचे होते. म्हणूनच ‘सरकार याविरुद्ध कायदा का करीत नाही?’ असा प्रश्न ग्रामसभेपासून कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गापर्यंत साहजिकपणे विचारला जातो.

जगात असे कायदे झाले आहेत आणि त्यांतील प्रमुख कायद्यांना २० वर्षे उलटून गेली आहेत. त्यांचा उपयोग किती झाला, कोठे झाला नाही आणि त्यापासून आपण काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ कसा झाला

अनाहूत ई-मेलचा इतिहास ३ मे १९७८ पासून सांगतात. त्या काळी आजचे इंटरनेट अस्तित्वात नव्हते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने चालणारे ‘अर्पानेट’ नावाचे संगणकांचे जाळे होते आणि संशोधक त्याचा वापर करीत. ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ या संगणक कंपनीतील विक्री विभागाचे गॅरी थ्युर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम पाठविले. सरकारी संशोधनाच्या साधनाचा असा व्यापारी उपयोग केल्याबद्दल तक्रारी झाल्या, समज देण्यात आली आणि प्रकरण तेथेच मिटले. जाळे लहान होते, सर्वजण एकमेकांस ओळखत होते. त्यामुळे कायद्याची गरज भासली नाही. लोकलज्जा पुरेशी ठरली.

एप्रिल १९९४ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने परदेशी नागरिकांच्या वास्तव्य परवान्याच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात संगणकीय चर्चामंडळांवर हजारो ठिकाणी एकाच वेळी लावली. संताप झाला, परंतु या वेळी समज देऊन भागले नाही, कारण जाहिरातदारांना त्याची खंतच नव्हती. लोकलज्जेची मर्यादा संपली आणि कायद्याची गरज निर्माण झाली ती अशी.

स्वस्ताई हेच मूळ

कोणत्याही उपद्रवावर उपाय योजावयाचा तर त्याचे मूळ पाहिले पाहिजे. टपालाने जाहिरात पाठविणाऱ्यास कागद, छपाई आणि तिकीट यांचा खर्च सोसावा लागतो, म्हणून तो हात आखडता घेतो. ई-मेलचे तसे नाही. एक पत्र पाठविले काय आणि एक कोटी पाठविली काय, पाठविणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. खरा खर्च पडतो तो ती पत्रे वाहून नेणाऱ्या, साठविणाऱ्या आणि वाचून टाकून देणाऱ्यांवर. फॅक्स यंत्राच्या जमान्यात हाच प्रश्न उभा राहिला होता. जाहिरात एकाची आणि कागद दुसऱ्याचा, हा अन्याय ओळखून अमेरिकेने १९९१ च्या कायद्याने अनाहूत फॅक्स जाहिरातींवर बंदी घातली होती.

कॅलिफोर्नियातील विद्यापीठीय संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या व्यवहाराचे गणित स्पष्ट झाले. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी अनाहूत संदेश गेले, तेव्हा त्यांतून खरेदीपर्यंत पोहोचलेले लोक होते अवघे २८. इतकी पत्रे पोस्टकार्डाने पाठविली असती, तर एका कार्डाला ५० पैसे धरले तरी साडेसतरा कोटी रुपये लागले असते. २८ गिऱ्हाइकांसाठी हा खर्च कोणी केला नसता. ई-मेलने मात्र तो धंदा परवडतो.

दुसरे कारण तांत्रिक आहे. ई-मेल वाहून नेण्याचे जे नियम १९८२ मध्ये ठरले, ते परस्परांवर विश्वास असणाऱ्या संशोधकांनी आपल्या सोयीसाठी केले होते. लिफाफ्याच्या मागे पाठविणाऱ्याने कोणाचेही नाव लिहिले तरी पोस्टमन ते तपासत बसत नाही. मूळ ई-मेल व्यवस्थाही तशीच होती. परिणामी बँकेच्या, शासकीय कार्यालयाच्या किंवा आपल्याच सहकाऱ्याच्या नावाने पत्र पाठविणे सोपे झाले. ज्याचे नाव-गाव कळत नाही त्याच्यावर खटला कसा भरावयाचा, ही कायद्याची पहिली अडचण येथूनच सुरू होते.

कायद्याच्या दोन पद्धती

या विषयावरील कायद्यांचे दोन प्रमुख वर्ग पडतात. पहिल्या पद्धतीत जाहिरातदारास पत्र पाठविण्याची मोकळीक असते. घेणाऱ्याने ‘नको’ म्हटले की मात्र त्याने थांबले पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत पत्र पाठविण्यापूर्वीच घेणाऱ्याची संमती मिळवावी लागते. पहिल्या पद्धतीत दार लावून घेण्याचे काम घरमालकाचे असते, तर दुसरीत दार ठोठावून परवानगी मागण्याचे काम पाहुण्याचे असते.

अमेरिकेने पहिली पद्धत स्वीकारली. ‘कॅन-स्पॅम’ या नावाने ओळखला जाणारा कायदा डिसेंबर २००३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. पाठविणाऱ्याने आपली खरी ओळख द्यावी, विषयाच्या ओळीत दिशाभूल करू नये, आपला टपालाचा पत्ता द्यावा, ‘नको’ म्हणण्याची सोय ठेवावी आणि तसे कळविल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत नाव वगळावे, असे त्याचे दंडक आहेत. दंडाची कमाल मर्यादा वेळोवेळी वाढत जाऊन आता प्रत्येक संदेशामागे ५० हजार डॉलरच्याही वर गेली आहे. मात्र सामान्य पत्रग्राहकास या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही. शिवाय कॅलिफोर्निया राज्याने केलेला पूर्वसंमतीचा अधिक कडक कायदा या केंद्रीय कायद्यामुळे अमलात येण्यापूर्वीच निष्प्रभ झाला. म्हणूनच टीकाकारांनी त्याच्या नावावर कोटी करून, हा कायदा अनाहूत पत्रे पाठविण्यास मनाई करीत नसून परवानगी देतो, असे म्हटले.

युरोपीय संघाने २००२ च्या निदेशाद्वारे दुसरी, म्हणजे पूर्वसंमतीची पद्धत घालून दिली. पूर्वी खरेदी केलेल्या ग्राहकांस तशाच वस्तूंची माहिती पाठविण्याची मर्यादित सवलत तीत आहे. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा कायदा आणि १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कॅनडाचा कायदा हेही पूर्वसंमतीवर आधारलेले आहेत. कॅनडात कंपनीस एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जपानने २००२ मध्ये कायदा केला आणि २००८ मध्ये तो बदलून पूर्वसंमतीची अट घातली. अनुभवाअंती देश दुसऱ्या पद्धतीकडे झुकत गेले, हे यावरून दिसेल.

फलित काय?

कायद्यांचा उपयोग झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांना समाजात नाव राखावयाचे आहे अशा कंपन्या, बँका, विक्रेते यांना या कायद्यांनी शिस्त लावली. आज त्यांच्या पत्रांच्या तळाशी नाव वगळण्याची सोय असते आणि बहुधा ती चालते. ती केवळ सौजन्यामुळे आलेली नाही. तिच्यामागे कायदा आहे. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये पर्थ येथील एका कंपनीस ४५ लाख आणि तिच्या संचालकास १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. कॅनडात मार्च २०१५ मध्ये एका प्रशिक्षण संस्थेवर ११ लाख डॉलरचा दंड बसविण्यात आला, जो पुढे २०१७ मध्ये दोन लाखांवर आणण्यात आला.

परंतु या उदाहरणांत एक साम्य आहे. दंड झाला तो ज्यांचे कार्यालय होते, पत्ता होता, बँकेत खाते होते, अशांना. जो मुळातच फसविण्याच्या हेतूने परदेशातून, दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरून, खोट्या नावाने पत्रे पाठवितो, त्याच्यापर्यंत या कायद्यांचे हात क्वचितच पोहोचले. अमेरिकेचा कायदा अमलात आल्यानंतरही काही वर्षे अनाहूत पत्रांचा पूर वाढतच गेला. २००८ च्या सुमारास जगातील एकूण ई-मेलपैकी ८० टक्क्यांहून अधिक पत्रे याच प्रकारची असल्याचे निरनिराळ्या संगणक-सुरक्षा संस्थांनी नोंदविले होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले आहे.

कायद्याने करावयाच्या उपायांनाही मर्यादा असतात, याचे एक बोलके उदाहरण आहे. ज्यांना जाहिराती नकोत त्यांची राष्ट्रीय सूची करावी, ही सूचना ऐकावयास फार चांगली वाटते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिचा विचार करून जून २००४ मध्ये प्रतिकूल अभिप्राय दिला. कारण उघड होते. प्रामाणिक जाहिरातदार ती सूची पाळील, पण लबाडाच्या हाती ती पडली तर त्याला कोट्यवधी खऱ्या पत्त्यांचा आयता खजिनाच मिळेल!

कायदा फार व्यापक केला तर दुसराच धोका उद्भवतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका मोठ्या अनाहूत पत्रप्रेषकास नऊ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली होती. परंतु त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो कायदाच रद्द ठरविला. व्यापारी जाहिरातींबरोबर राजकीय वा धार्मिक मत निनावी मांडणारी पत्रेही त्याच्या कक्षेत येत होती आणि त्यामुळे भाषणस्वातंत्र्यावर आघात होत होता, असे न्यायालयाचे मत पडले.

अंकुश कोठे बसला?

मग पूर ओसरला तो कशामुळे? नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘मॅककोलो’ नावाच्या एका सेवा कंपनीचा इंटरनेटशी असलेला जोड तिला जोड पुरविणाऱ्या कंपन्यांनी तोडला. अनाहूत पत्रे पाठविणारी अनेक मोठी यंत्रणा तेथून चालविली जात होती. जगभरातील अशा पत्रांचे प्रमाण पाहता पाहता निम्म्याहून खाली आले. काही महिन्यांत ते पुन्हा वाढले हे खरे, परंतु हजारो पाठविणाऱ्यांमागे धावण्यापेक्षा मोजक्या नाक्यांवर पहारा ठेवणे अधिक परिणामकारक आहे, हा धडा मिळाला. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने न्यायालयाचा आदेश मिळवून ‘रस्टॉक’ नावाचे असेच एक प्रचंड जाळे बंद पाडले. येथे कायदा आणि तंत्रज्ञान यांनी हातात हात घालून काम केले.

त्याच वर्षी संशोधकांनी आणखी एक नाका दाखवून दिला. अनाहूत पत्रांतून जाहिरात होणारी औषधे, नकली वस्तू आणि संगणक प्रणाली त्यांनी स्वतः विकत घेऊन पैसे कोठे जातात ते पाहिले, तेव्हा सुमारे ९५ टक्के व्यवहार अवघ्या तीन बँकांमार्फत होत असल्याचे आढळले. पाठविणारे संगणक लाखो असले तरी पैशाची वाट अरुंद होती.

तिसरा अंकुश गाळणीचा आहे. ई-मेल सेवा देणाऱ्या कंपन्या आज बहुतांश अनाहूत पत्रे आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना नवे नियम लावले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक पद्धतीने सिद्ध करावी, एका कळीसरशी नाव वगळण्याची सोय द्यावी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे हे नियम आहेत. लिफाफ्यामागील नाव तपासण्याची जी सोय १९८२ मध्ये राहून गेली होती, ती अशा रीतीने उशिरा का होईना पण येत आहे.

आपल्या देशातील स्थिती

केवळ अनाहूत ई-मेलसाठी केलेला स्वतंत्र कायदा भारतात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ‘६६ अ’ हे कलम या विषयाच्या जवळ जात होते. त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून अथवा पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल व्हावी म्हणून ई-मेल पाठविणे त्यान्वये गुन्हा होता. परंतु त्याची शब्दयोजना इतकी सैल होती की अनाहूत जाहिरातदाराऐवजी मत व्यक्त करणारे नागरिकच त्यात सापडू लागले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या राज्यातील पालघर येथे समाजमाध्यमावरील एका मजकुराबद्दल दोन तरुणींना झालेली अटक देशभर चर्चेचा विषय ठरली आणि त्यातूनच या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. व्हर्जिनियाचाच धडा आपल्यालाही मिळाला.

तथापि फसवणुकीविरुद्ध नागरिक निराधार नाही. दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा ओळखचिन्हे लबाडीने वापरणे हा कलम ‘६६ क’ खाली (इंग्रजी ‘सी’), तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ‘६६ ड’ खाली (इंग्रजी ‘डी’) गुन्हा असून त्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक इत्यादी माहितीचा वापर आपल्या संमतीने व्हावा आणि दिलेली संमती मागे घेता यावी, हे या अधिनियमाचे सूत्र आहे.

दूरध्वनी आणि लघुसंदेश यांबाबत मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सविस्तर नियम केले आहेत. १९०९ या क्रमांकावर नापसंती नोंदविता येते. २०१८ च्या नियमांनी जाहिरातदारांना नोंदणी आवश्यक केली. परिणाम ओळखीचाच झाला. नोंदणीकृत संस्थांचे संदेश शिस्तीत आले आणि उपद्रवाने साध्या दहा आकडी क्रमांकांची वाट धरली. त्या वाटेवर पहारा बसविण्यासाठी प्राधिकरणास २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा पावले उचलावी लागली. एक दार बंद केले की पाणी दुसरीकडून वाट काढते. म्हणून असा कायदा एकदा करून विसरण्याचा नसतो, त्याची सतत डागडुजी करावी लागते.

आपण काय करावे?

कायद्याच्या मर्यादा लक्षात घेतल्यावर कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांचे कर्तव्य अधिक स्पष्ट होते. परिचित संस्थेच्या जाहिराती नको असतील तर तिच्या पत्रातील नाव वगळण्याची सोय अवश्य वापरावी. परंतु सर्वस्वी अनोळखी वा संशयास्पद पत्रास उत्तर देऊ नये आणि त्यातील कळही दाबू नये. तसे केल्याने हा पत्ता चालू आहे, एवढेच लबाडास कळते. असे पत्र नुसते पुसून टाकण्यापेक्षा ‘स्पॅम’ म्हणून खूण करावे, म्हणजे गाळणी शहाणी होते.

पैसे, खाते किंवा परवलीचा शब्द यांसंबंधीचे कोणतेही पत्र, मग ते वरिष्ठांच्या नावाने का असेना, आपल्या नोंदीतील दूरध्वनीवर खात्री केल्याविना खरे मानू नये. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर खात्री करणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे होय. पैशाची फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी थोपविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गाळणीही चुकते, हे विसरू नये. सुनावणीची नोटीस, निविदेची दुरुस्ती, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख अशी महत्त्वाची पत्रे कधीकधी अनाहूत पत्रांच्या ढिगात जाऊन पडतात. तो कप्पा आठवड्यातून एकदोनदा तरी डोळ्यांखालून घालणे हे टपालाची नोंदवही पाहण्याइतकेच कामाचे आहे.

आणि अखेरीस एक गोष्ट आपल्या स्वतःसंबंधी. सभेची सूचना पाठविताना सर्व पालकांचे वा सदस्यांचे पत्ते सर्वांना दिसतील असे एकत्र लिहिणे, लाभार्थ्यांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह फलकावर वा संकेतस्थळावर लावणे, या सवयी अनवधानाने का होईना, पण अनाहूत पत्रांच्या धंद्यास कच्चा माल पुरवितात. नागरिकाने विश्वासाने दिलेला पत्ता ही कार्यालयाकडील ठेव आहे.

१९७८ मध्ये ४०० जणांच्या त्या लहान समुदायाला एका समजेने जे साधले, ते आजच्या जगाला कोणत्याही एका कायद्याने साधणारे नाही. कायदा सज्जनाला शिस्त लावील, न्यायालय त्या कायद्याला मर्यादेत ठेवील, तंत्रज्ञान लबाडाचा मार्ग अरुंद करील. त्यानंतरही जे एखादे पत्र दारापर्यंत येईलच, त्याच्यापुढील शेवटचा पहारेकरी म्हणजे ते उघडणारा कर्मचारी, शिक्षक वा सरपंच. तो जागा असेल तर कायद्याचे उरलेले काम पुष्कळ सोपे होईल.